कच्च्या मातीची मुद्रा

आप्पा,

परवा तुमच्या दहाव्याला तेरला येऊन गेलो. उमरग्याहून निघताना बायको म्हणाली, "आता तिथं कुणाकडं जाताय?" मी म्हटलं, "टेकाडाकडं." टेकाडाचं काय झालंय ते तिलाही माहीत आहे.

तेरला मी पहिल्यांदा आलो तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. प्राचीन व्यापारी मार्ग फळ्यावर इतक्या वेळा काढले की भडोच, पैठण आणि तगर हे मला खडूचे तीन ठिपके वाटायला लागले होते. त्यातला तिसरा ठिपका आपल्याच जिल्ह्यात, एसटीनं अर्ध्या दिवसात जाता येईल इतक्या अंतरावर, आणि तो मी पाहिलेला नव्हता. तगरचं तेर कधी झालं ते कुणाला नक्की सांगता येत नाही. त्यासाठी कुणी सभा घेतल्याची नोंद नाही, हे मला त्यातल्या त्यात आवडलं होतं.

उतरलो तर एका गृहस्थांनी ताबा घेतला. देवळापर्यंत जाता जाता त्यांनी मला इथून रोमला काय काय जायचं ते सांगितलं. मग कुठूनशी बादली आणून तिच्यात जुनी वीट सोडली. वीट तरंगली. "बघा," ते म्हणाले, जणू त्यांनीच भाजली होती. देवळापुढं मात्र मी थबकलो. विटांचं, मागून गोल, बसलेल्या हत्तीसारखं ते देऊळ आपल्या थोरवीबद्दल एक शब्द बोलत नव्हतं.

त्या गृहस्थांना कसंबसं वाटेला लावून मी तेरणेच्या वळणावरच्या टेकाडावर आलो. खाली मान घालून फिरत होतो. वरून आवाज आला.

"काय पाडलाव?"

घोंगडी, काठी, पटका, आणि पंचवीसएक मेंढरं. ते तुम्ही.

"काही नाही," मी म्हटलं. "बघतोय."

"मग बसा की. उभ्यानं दिसत न्हाय. मेंढराच्या उंचीवरनं बघा."

विनोद समजून मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणून बसलो. ऊन तिरपं होतं. खरोखरच, उभ्यानं नुसती माती दिसत होती तिथं बसल्यावर खापराची कड दिसली, शंखाच्या बांगडीचा तुकडा दिसला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा निळा काचेचा मणी दिसला. मी तो उचलला. तुम्ही म्हणालात, "ठिवा खिशात. मेंढराच्या खुरानं रोज दोनचार निघतेत. पर पाण्यात पडल्याबिगर मणी बोलत न्हाय."

तो दिवस मी तुमच्याकडंच राहिलो. सुनेनं, सुरेखानं, भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. घमेल्यात पाणी घेऊन तुम्ही दिवसभराची वेचणी त्यात सोडलीत आणि मणी एकेक करून बोलायला लागले. धुऊन झालेला प्रत्येक मणी तुम्ही आगपेटीत ठेवत होता. कुठली आगपेटी कुठल्या रानातली हे लिहिता येत नव्हतं म्हणून प्रत्येकीवर त्या रानाच्या मातीचं बोट ओढलेलं. काळं, तांबूस, करडं, पांढरं. आयुष्यभर मी ग्रंथालयाच्या कार्डांशी भांडलो, पण इतकी सरळ नोंदपद्धत कधी पाहिली नाही.

पुढची नऊ वर्षं मी येत राहिलो. तुम्ही चौथी नापास, मी एमए. वाद घालायला याहून चांगली जोडी नाही. एकदा तुम्ही विचारलंत, "सर, ते रोम म्हंजे उमरग्याच्या पल्याड?"

"बरंच पल्याड."

"तिथनं कुणी वळखीचं आलतं का हितं परत?"

"नाही."

"मग गावातली मानसं त्याचं एवढं काय सांगतेत? सोयरं नको का तसं?"

रोमशी तुम्हाला देणंघेणं नव्हतं. तुम्हाला बैलांची काळजी होती. तेर पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर, असं एका परदेशी दर्यावर्दीनं लिहून ठेवलंय, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बोटांवर हिशोब केलात. "धा दिस म्हंजे धा मुक्काम. बैलांना पाणी कुठं पाजलं? चारा कुणी दिला? गावात तर एवढी जनावरं घुसू देणार न्हाईत." आणि मग काठीनं खाली दाखवलंत. "हितं. वळणाला. पाणी हाय, उतार हाय, वारा आडतोय. म्या बैल हाकले असते तर हितंच सोडले असते." तीस वर्षं मी तो मार्ग फळ्यावर काढला, पण त्यावरून चालणाऱ्या बैलाला तहान लागते हे माझ्या मनात आलं नव्हतं.

मी अर्थातच मान्य केलं नाही. "पुरावा काय?" हा माझा प्रश्न ठरलेला असायचा. शंका घेणं हा माझा धंदा होता, आणि खरं सांगायचं तर माझी ऐटही तीच होती. बाकीच्यांच्या शाली-नारळांना मी हसायचो. माझी शाल ही अशी होती.

त्या टेकाडाची पांढरी माती गाव पिढ्यान्‌पिढ्या नेत आलंय. धाब्याच्या घरावर घालायला आणि रानात टाकायला. तुमच्या वडिलांनीही नेली होती. तुम्ही लहान असताना पाऊस जोरात आला की वळचणीखाली टपटप मणी पडायचे, आणि तुमची आई ते वेचून करगोट्यात ओवायची. हे सांगताना तुम्ही हसत होता. पण पूर्वी गाढवावरून माती जायची, आता ट्रॅक्टर आला होता. गाढव दिवसाला न्यायचं तेवढी ट्रॅक्टर एका खेपेत नेत होता. "चार वरसात सपाट करतील," तुम्ही म्हणालात. "कुणीतरी मोठं माणूस येऊन सांगाय पायजे, हितं खोदू नका म्हणून. माझं कोण ऐकतंय? मेंढक्या म्हणतेत." तुम्हाला हवी होती ती एवढीच गोष्ट. मान नको होता, फोटो नको होता. टेकाड राहायला हवं होतं.

मी पुण्याच्या एका संशोधक बाईंना पत्र लिहिलं. त्यांनी येते म्हणून कळवलं. आणि त्या यायच्या चार दिवस आधी तुमचा फोन आला. "सर, येताव का? कायतरी घावलंय. मणी न्हाय."

ती मुद्रा मी पाहिली, आप्पा. हे मला स्वच्छ लिहू द्या, कारण जेव्हा बोलायचं होतं तेव्हा मी बोललो नाही. सुपारीहून थोडा मोठा, चपटा, राखाडी मातीचा गोळा. एका बाजूला बैल उमटलेला, वशिंडाचा, आणि त्याच्यावर अक्षरांची ओळ, अर्धी मातीनं भरलेली. मागं दोरीचा वळ. पूर्वी पोत्याचं तोंड बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचे आणि त्यावर मालकाचा शिक्का उमटवायचे, वाटेत कुणी हात घातला तर कळावं म्हणून. वळाच्या शेजारी कुणाच्या तरी अंगठ्याच्या रेषासुद्धा होत्या. टेकाडाची कड ट्रॅक्टरवाल्यांनी कापली होती, तिथं आत, राखेच्या थरात तुम्हाला ती मिळाली होती. वळणावर बैल सोडत होते, पोती उतरवत होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा मागायची माझीही हिंमत नव्हती.

तरी मी म्हटलं, "पोतं बाजारात फोडतात आप्पा, मुक्कामाला नाही. ही इथं कशी आली?"

"मालकाचा माणूस मुक्कामालाच बघणार की, माल भिजला का म्हणून. बाजारात बघून काय उपेग?"

तो वाद तिथंच राहिला. अक्षरं वाचायची तर माती काढायला हवी, असं मी म्हणालो. तुम्ही गोळा माझ्या हातातून काढून घेतलात आणि भिंतीतल्या देवळीत फडक्यावर ठेवलात.

"पानी लावू नगा, सर. कच्ची हाय."

"कच्ची असती तर दोन हजार वर्षं टिकली असती? पाऊस खाल्लाय तिनं. अहो, तुमच्या गावची वीटसुद्धा तरंगते."

"राखंत व्हती. कोरड्यात. म्हणून टिकली." तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "तुमी लई वाचलंय. पर माती वाचून कळत न्हाय."

तेवढ्यात सुरेखानं हाक मारली. एक मेंढी अडली होती. तुम्ही उठून वाघरीकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीकडं, गेलात. घरात मी एकटा होतो. समोर घमेलं होतं, त्यात सकाळी तुम्हीच भिजत घातलेले मणी. बाई यायला चार दिवस होते. अक्षरं आपण आधी वाचावीत, बाईंना वाचून दाखवावीत, एवढंच माझ्या मनात होतं. मी गोळा उचलला आणि एक कड, फक्त एक कड, पाण्यात बुडवली. अक्षरं खरंच उघडली. पहिलं ओळखू आलं. दुसऱ्यासाठी थोडी आणखी बुडवली. मग बोटांना काहीतरी मऊ लागलं, आणि मी घट्ट धरायला गेलो तसं ते बोटांमधून निघून गेलं. काही क्षणांचं काम. पाणी दुधाळ झालं आणि पुन्हा निवळायला लागलं.

तुम्ही आलात ते कोपरापर्यंत रक्ताचे हात घेऊन. पिल्लू जगलं होतं. तोंडावर आनंद होता. मग देवळीकडं बघितलंत. "हितं ठिवली व्हती."

आणि मी म्हणालो, "आप्पा, घाईत मण्यांबरोबर घमेल्यात तर नाही ना टाकली?"

शिक्षकी पेशातला माणूस खोटं बोलत नाही, तो प्रश्न विचारतो. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. धागा ओवता येत नव्हता, एकदा तुम्ही शेजाऱ्याची मेंढी आपल्यात हाकून आणली होती. घमेल्याशेजारी उकिडवे बसून तुम्ही तो रक्ताचा हात पाण्यात घातलात आणि तळातून फिरवलात. तळाशी बारीक गाळ होता. तो चिमटीत घेऊन चोळलात. बराच वेळ चोळत राहिलात.

"म्याच टाकली, सर," तुम्ही म्हणालात.

मी "जाऊ द्या" म्हणालो. तुमच्या त्या तीन शब्दांइतकं मी तोवर कशालाच घाबरलो नव्हतो.

चार दिवसांनी बाई आल्या. चांगल्या होत्या, घाई केली नाही. आगपेट्या पाहिल्या, मातीच्या बोटांचं कौतुक केलं. तुम्ही जमिनीकडं बघत त्यांना मुद्रेचं सांगितलंत. बैल कसा होता, दोरी कशी होती. "माझ्या हातनं गेली," म्हणालात. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही पाहिली होती?"

एक शब्द हवा होता, आप्पा. मी हो म्हटलं असतं, दोन्ही डोळ्यांनी, हातात धरून पाहिली म्हटलं असतं, तर त्यांनी ते टिपून घेतलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, हातात धरलीत तर गेली कशी. मी म्हणालो, "ओझरती." माझ्यासारखा खोडा घालणारा माणूस ओझरती म्हणतो म्हटल्यावर बाईंनी वही मिटली. मणी सगळीकडंच मिळतात, त्या हळू आवाजात म्हणाल्या. चहा घेतला आणि गेल्या.

ट्रॅक्टरच्या जोडीला मग जेसीबी आला. तुम्ही दोन-तीनदा आडवे उभे राहिलात. "आप्पा, सरका, मेंढराला लागंल," एवढंच ते म्हणायचे, आणि तुम्ही सरकायचात. पूर्वी सरकला नसतात. वेचणंही थांबवलंत. मी विचारलं तर म्हणालात, "माझ्या हाताला न्हाई द्यायचं देवानं ठरवलं, सर. दिलं तर म्या पाण्यात घातलं." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं, तरी हातावरचा विश्वास परत आला नाही. चहाचा कप धरतानाही दोन्ही हातांनी धरायचात. मी समोर बसून ते बघत होतो आणि रोम, बैल, चारा यांवर बोलत होतो.

दरवेळी येताना ठरवायचो, आज सांगायचं. बसमध्ये वाक्यं जुळवायचो. ती इतकी चांगली जुळायची की उतरेपर्यंत त्यांचा मला संशय यायला लागायचा.

शेवटची भेट उमरग्यात झाली. छातीचं दुखणं वाढलं म्हणून मुलानं, सिद्धूनं, तुम्हाला तिथल्या दवाखान्यात आणलं. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. दुपारी मी आलो तेव्हा सिद्धू गोळ्या आणायला गेला होता. खोलीत आपण दोघंच. खिडकीतून हायवेचे ट्रक दिसत होते, आणि तुम्ही ते मोजत होता.

"सर, हे बी व्यापारीच की," तुम्ही म्हणालात. "ह्यांचा मुक्काम कुठं?"

"ढाब्यावर."

"मग दोन हजार वरसांनी ढाबा उकरतील." हसताना खोकला आला. तो थांबल्यावर तुम्ही माझा हात धरलात. "तेवढं माफ करा, सर."

"काय?"

"ती मुद्रा. तुमी पत्र लिहिलंव, बाईला आणलंव. म्या घाण केली. टेकाड गेलं माझ्यापायी."

खोलीत कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. एवढी चांगली वेळ मला देवानंही आखून दिली नसती, आणि मी तुम्हाला म्हणालो, "झालं गेलं, आप्पा. माझ्या मनात काही नाही."

मी तुम्हाला माफ केलं. तुमचा चेहरा मोकळा झाला. तुम्ही डोळे मिटलेत आणि मी तुमचा हात धरून बसून राहिलो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोन म्हाताऱ्या मित्रांचं चित्र वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सिद्धूचा फोन आला.

दहाव्याच्या दिवशी विधी उरकल्यावर शाळेच्या पटांगणात शोकसभा होती. तुम्ही असता तर मेंढरांचं कारण सांगून उठून गेला असता. अध्यक्ष पाऊण तास उशिरा आले. ज्यांच्या दारापुढं तुमच्या टेकाडाची माती पसरलीय त्यांनी तुम्हाला इतिहासाचे रक्षक म्हटलं. रोम चार वेळा आलं. मग माझं नाव पुकारलं.

मी उठलो आणि सांगितलं. सगळं, याच क्रमानं. आप्पांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं, मी लावलं. आप्पांच्या हातून नाही, माझ्या हातून गेली. बाईंनी विचारलं तेव्हा मी कच खाल्ली. एकही वाक्य वळवलं नाही.

मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे लक्षात येऊन त्या थांबल्या. अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. "मेलेल्या मित्राचा दोष आपल्या शिरावर घेणारी माणसं आज कुठं राहिली आहेत?" ते म्हणाले. आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

सभा संपल्यावर मी सिद्धूला बाजूला घेतलं. "सिद्धू, ते खरं होतं. मी मोठेपणानं बोललो नाही."

"व्हय सर," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

"अरे, मी स्वतः बुडवली ती. या हातानं."

त्यानं माझ्या पायांना हात लावला. उभा राहिला तेव्हा डोळे भरलेले होते. "सर, आप्पा शेवटच्या दिशी मला सोता सांगून गेले. म्याच टाकली म्हणाले, सरांनी माफ केलं म्हणाले, आता काय वझं न्हाय म्हणाले. आता तुमी असं म्हणताव. मी काय करू? बापाचं शेवटचं बोलणं खोटं धरू का?"

बाप खोटं बोलला नाही, बापाला फसवलं, एवढं म्हणायला हवं होतं. पण ते म्हटलं तर तुम्ही जाताना जो हलकेपणा घेऊन गेलात तोही त्या पोराच्या हातून जाणार होता. त्याच्याजवळ तेवढंच आहे.

"नको," मी म्हणालो. "तेच खरं धर."